जनुकाला विचारायचा प्रश्न

परभणीसारख्या जिल्ह्यात आनुवंशिक आजारांचे निदान वेळेवर का होत नाही, असे विचारले की उत्तर तयार असते: इथे डीएनए तपासणारी प्रयोगशाळा नाही. पाठोपाठ मागणीही तयार असते: यंत्र द्या. कोविडच्या साथीने 'पीसीआर' हे नाव घराघरांत पोहोचवले. नाकातल्या स्रावातून विषाणू शोधणारे तंत्र रक्ताच्या थेंबातून थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा हिमोफिलिया का शोधणार नाही, असे कुणालाही वाटणे साहजिक आहे. ते शोधते, आणि गेली चाळीस वर्षे शोधत आहे.

तरीही यंत्रापाशी सुरू होऊन यंत्रापाशीच संपणारा हा विचार उथळ आहे. पीसीआर तिला विचारलेल्या एका नेमक्या प्रश्नाचेच उत्तर देते. कोणत्या कुटुंबात, गरोदरपणाच्या कोणत्या आठवड्यात, जनुकाच्या कोणत्या जागी पाहायचे हे तिला बाहेरून सांगावे लागते. परभणीत कच्चा दुवा आहे तो इथे. प्रश्न तयार करणारी साखळी उभी राहिली, तर साडेपाचशे किलोमीटरवरची मुंबईची प्रयोगशाळाही जिल्ह्याच्या कामी येते. साखळी नसेल, तर जिल्हा रुग्णालयात आणून ठेवलेले यंत्रही पडून राहते. हा दावा पायरीपायरीने तपासून पाहता येतो.

## १. तंत्र नेमके काय करते

डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची कल्पना कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये अमेरिकेतील सीटस कंपनीत काम करताना सुचली. त्याबद्दल १९९३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण या तंत्राचा जगापुढे आलेला पहिला उपयोग संसर्गाचा शोध घेण्यासाठी नव्हता. डिसेंबर १९८५ मध्ये रँडल सायकी आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध केलेला शोधनिबंध सिकलसेलच्या निदानाचा होता. म्हणजे पीसीआरचा जन्मच आनुवंशिक आजाराच्या दारात झाला.

कृती ऐकायला साधी आहे. सुमारे ९५ अंश सेल्सिअसला डीएनएचे दोन धागे सुटे होतात. ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान 'प्रायमर' नावाचे साधारण २० अक्षरांचे छोटे तुकडे आपापल्या जागी जाऊन बसतात. ७२ अंशांना एन्झाइम तिथून पुढे नवा धागा जोडत जाते. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात, आणि ३० फेऱ्यांनंतर एका रेणूपासून तत्त्वतः शंभर कोटींहून अधिक प्रती मिळतात.

मर्म आहे ते प्रायमरमध्ये. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. त्यांतला दोन प्रायमरच्या मधला भाग तेवढा वाढतो, बाकीच्या मजकुराला हातही लागत नाही. सिकलसेलच्या बाबतीत हे सोयीचे ठरते. ११व्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिन जनुकात एका ठराविक ठिकाणी 'ए'च्या जागी 'टी' आलेला असतो, आणि त्यामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीत ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. जागा एकच, बदलही एकच.

त्याच जनुकातला बीटा थॅलेसेमिया मात्र तीनशेहून अधिक वेगवेगळ्या बदलांमुळे होऊ शकतो. भारतात 'आयव्हीएस १-५' हा बदल सर्वाधिक आढळतो, आणि पाच-सहा बदल मिळून बहुसंख्य रुग्णांचा उलगडा होतो. ६१९ अक्षरांचा तुकडाच गळालेला असणे हा प्रकार सिंधी कुटुंबांत ठळकपणे दिसतो. प्रयोगशाळा आधी हे नेहमीचे बदल एकेक करून पाहते. त्यांतले काही सापडले नाही, तर अहवालाचा अर्थ 'हे पाच नाहीत' एवढाच असतो. 'थॅलेसेमिया नाही' असा तो वाचला, तर कुटुंबाची फसगत होते.

इतर आजारांत प्रश्नाचा साचाच बदलतो. ड्यूशेन स्नायुक्षयात ७९ एक्सॉन, म्हणजे अर्थपूर्ण खंड, असलेल्या जनुकातले काही एक्सॉन बहुतेकदा गळालेले असतात. ते एकाच नळीत अनेक जागा वाढवून पाहण्याची पद्धत १९८८ मध्ये आली. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीमध्ये 'एसएमएन१' जनुकातील सातवा एक्सॉन दोन्ही प्रतींत नाही ना, हे पाहतात, आणि सुमारे ९५ टक्के रुग्णांचे निदान तेवढ्यावर होते. तीव्र हिमोफिलिया 'ए'च्या जवळपास निम्म्या रुग्णांत जनुकाचा मोठा भाग उलटा फिरलेला असतो, आणि साध्या पीसीआरला तो दिसतच नाही. चिठ्ठीवर नुसते 'जेनेटिक टेस्ट' लिहून पाठवलेला नमुना जगातली कोणतीही प्रयोगशाळा नीट तपासू शकत नाही, ते यामुळेच.

## २. प्रश्नाची सुरुवात साध्या रक्ततपासणीत

जनुकाचा प्रश्न तयार होतो तो तालुक्याच्या रुग्णालयातील सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर. लाल पेशी आकाराने लहान आणि संख्येने भरपूर असतील, तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शंका घेता येते. पेशीचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, लाल पेशींच्या दशलक्षांतील संख्येने भागल्यावर उत्तर १३च्या खाली आले तर संशय वाढतो. ही खूण १९७३पासून माहीत आहे आणि तिला वेगळा खर्च नाही. पुढची पायरी एचपीएलसीची, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजण्याची. हिमोग्लोबिन ए२ वाढलेले दिसले, तर वाहक असल्याचे बहुधा स्पष्ट होते.

अडचण इथेच येते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता असली की ए२चे प्रमाण खाली येते आणि वाहक स्त्री 'नॉर्मल' म्हणून सुटू शकते. उलटही घडते: वाहक स्त्रीच्या लहान पेशी पाहून तिला महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, आणि हिमोग्लोबिन का वाढत नाही याचा विचार होत नाही. ज्या बाळाला रक्त भरायला सुरुवात झाली आहे, त्याची एचपीएलसी तर रक्तदात्याचेच हिमोग्लोबिन दाखवते. अशा गुंत्यात पीसीआर खऱ्या अर्थाने कामी येते. पण गुंता आहे हे आधी कुणाच्या तरी लक्षात यावे लागते. मागचे रक्त कधी भरले, लोह किती दिवस सुरू आहे, आई-वडिलांचे सीबीसी काय सांगते, ही माहिती नमुन्यासोबत गेली नाही तर प्रयोगशाळेला अंदाजाने पुढे जावे लागते.

## ३. देशाची सरासरी जिल्ह्याला लागू पडत नाही

भारतात ३ ते ४ टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत, असा अंदाज सरकारी मार्गदर्शक सूचनांत दिलेला असतो. २०११च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून जिल्ह्यात ५५ ते ७३ हजार वाहक असल्याचे सांगणे सोपे आहे, पण ते शास्त्र नव्हे. लग्ने जातीच्या आणि पोटजातीच्या आत होतात, म्हणून जनुकातले बदल समाजासमाजांत विषम वाटले गेले आहेत. रोशन कोलाह आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पश्चिम भारतातील बीटा थॅलेसेमियाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याने महाराष्ट्र व गुजरातच्या उपप्रदेशांत वाहकांचे प्रमाण आणि बदलांचे प्रकार दोन्ही वेगवेगळे असल्याचे दाखवले.

सिकलसेलची गोष्टही तशीच. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी अनेक दशके महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत या आजारावर काम केले, आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान या समाजांत वाहकांचे प्रमाण मोठे असल्याचे अशा कामांतून पुढे आले. त्यामुळे राज्याचे लक्ष नंदुरबार आणि पूर्व विदर्भाकडे गेले, ते योग्यच होते. पण त्यातून 'हा आजार तिकडचा' असाही समज झाला. परभणीच्या शेजारी हिंगोली आहे, जो १ मे १९९९ रोजी याच जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापलीकडे यवतमाळ, आणि नांदेडचा किनवट तालुका. सोयरिकी या सीमा ओलांडून होतात.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. मोहीम मोलाची आहे, पण केवळ सिकलची विद्राव्यता चाचणी करून थांबले तर एक घातक फट उरते. नवरा सिकलचा वाहक, म्हणजे लोकांच्या भाषेत 'एएस', आणि बायको थॅलेसेमियाची वाहक असेल, तर बायकोची सिकल चाचणी निर्दोष येते. मात्र त्यांच्या प्रत्येक बाळाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक असते. मिश्र लोकसंख्येच्या मराठवाड्यात म्हणूनच दोन्ही आजारांचा प्रश्न एकत्र विचारावा लागतो.

## ४. लग्नाचे वय आणि गरोदरपणाचे आठवडे

तज्ज्ञांच्या शिफारशींत 'लग्नापूर्वी, महाविद्यालयात तपासणी' हा उपाय हमखास असतो. परभणीत तो अर्ध्या मुलींपर्यंत पोहोचतच नाही. २०१९-२१च्या त्याच सर्वेक्षणानुसार जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते, आणि हे प्रमाण राज्यात सर्वाधिक होते. बालविवाह रोखणे हे स्वतंत्र आणि तातडीचे कर्तव्य आहे. पण जनुकतपासणीची योजना आखणाऱ्याने वास्तवाकडे पाठ फिरवून चालणार नाही. महाविद्यालयाच्या फाटकात उभी केलेली योजना नेमकी त्या मुलींना गाठत नाही, ज्यांना तिची गरज लवकर पडते.

मग उरते गरोदरपण. तिथे प्रत्येक आठवडा मोजून वापरावा लागतो. वारेचा नमुना दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास घेता येतो, गर्भजल सोळाव्या आठवड्यानंतर. समजा, बाराव्या आठवड्यात नोंदणी झाली, चौदाव्यात एचपीएलसीचा अहवाल आला, सोळाव्यात नवऱ्याचे रक्त तपासले गेले, अठराव्यात दोघांच्या जनुकातले बदल कळले. गर्भजलाची तपासणी आणि अहवाल होईतो विसावा आठवडा उलटतो. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर विकृती असल्यास २४ आठवड्यांपर्यंत, आणि त्यापुढे वैद्यकीय मंडळाच्या संमतीने गर्भपाताची कायदेशीर सोय आहे. तरी वाढत्या आठवड्यांबरोबर त्या बाईच्या शरीरावरचा आणि मनावरचा भार वाढतच जातो.

गंगाखेड, पालम, सोनपेठ भागांतली कित्येक जोडपी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे मिळून. पहिली तपासणी गावात, पुढचे महिने पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडात, आणि अहवाल परभणीत पडून. इथे पीसीआरचा वेग किती तासांचा आहे, याला काही अर्थ उरत नाही. नवऱ्याचे रक्त बायकोच्या पहिल्याच भेटीत घेऊन ठेवले, तर दोन-तीन आठवडे वाचतात. तंत्रज्ञानातल्या कोणत्याही सुधारणेपेक्षा ही बचत मोठी आहे.

## ५. एका रुग्णामागे एक कुटुंब

मराठवाड्यात मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न होणे नवलाचे नाही, आणि मामा-भाचीचे लग्नही अनोळखी नाही. चुलत-मामे-आते भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुके सामाईक असतात, मामा-भाचीत चौथा. त्यामुळे दोघेही एकाच बदलाचे वाहक असण्याची शक्यता वाढते.

याच वस्तुस्थितीची दुसरी बाजू क्वचितच पाहिली जाते. रक्त भरायला येणाऱ्या एका मुलाच्या जनुकातले बदल एकदा कळले, की त्याच्या मावश्या, मामा, काका, आत्या आणि त्यांची मुले यांना विचारायचा प्रश्न आयता मिळतो. तीनशे शक्यता चाळत बसावे लागत नाही, एकच जागा पाहायची असते. अशा वेळी पीसीआर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अचूक ठरते. कृषी विद्यापीठाच्या या जिल्ह्यात ही कल्पना समजावणे अवघड नाही: झाडात न दिसणारा गुण पुढच्या पिढीच्या बियाण्यात उतरतो, हे 'परभणी क्रांती' भेंडी लावणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असते.

सुरुवातीसाठी घरोघरी जाण्याचीही गरज नाही. रक्तपेढीच्या नोंदवहीत वारंवार रक्त घेणाऱ्या मुलांची नावे आधीपासून असतात. जिल्ह्याच्या जनुकीय नकाशाचे पहिले पान तेच आहे.

## ६. आक्षेप आणि उत्तरे

'आता संपूर्ण जनुकसंच वाचता येतो, मग जुनी पीसीआर कशाला?' बहुतेक प्रचलित सिक्वेन्सिंग पद्धतींतही डीएनएच्या प्रती काढण्याची पायरी असतेच. जिथे आजार ओळखता येत नाही, तिथे व्यापक वाचन हवेच. पण कुटुंबातला बदल माहीत असताना सारा संच वाचणे म्हणजे खर्च वाढवणे आणि अर्थ न लागणाऱ्या निष्कर्षांचे ओझे कुटुंबावर टाकणे.

'क्षयरोगाच्या ट्रूनॅट आणि सीबीनॅट यंत्रांवर हेच का करू नये?' ती यंत्रे विशिष्ट चिप किंवा काडतूस घालून विशिष्ट आजार शोधण्यासाठी बांधलेली आहेत. त्यांवर हवे ते प्रायमर घालून थॅलेसेमिया पाहता येत नाही. शिवाय गर्भनिदानात चुकीची किंमत फार मोठी आहे. आईच्या पेशी नमुन्यात मिसळल्या, आधीच्या तपासणीतला डीएनए हवेतून नळीत गेला, किंवा दोनपैकी एक प्रत वाढलीच नाही, तर निष्कर्ष उलटा येऊ शकतो. हे धोके ओळखण्याची सवय रोज असे नमुने पाहणाऱ्या हातांनाच लागते. म्हणून अंतिम तपासणी मोजक्या केंद्रांत असणेच योग्य. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत हिमोग्लोबिनच्या आजारांचे गर्भनिदान होते.

'नात्यातली लग्ने बंद करा, प्रश्न संपेल.' नात्यातली लग्ने कमी झाली तर धोका घटेल, यात वाद नाही. पण एकाच पोटजातीतले दोन अनोळखी तरुणही एकाच बदलाचे वाहक असू शकतात. सायप्रसमध्ये थॅलेसेमियाग्रस्त बाळांचे जन्म जवळपास थांबले आणि सार्डिनियात ते २५० जन्मांत एकावरून ४,००० जन्मांत एकापर्यंत खाली आले, ते तपासणी, समुपदेशन आणि गर्भनिदान यांच्या जोरावर. तिथे कुणाची सोयरीक सरकारने ठरवली नाही.

'वाहक म्हणून शिक्का बसलेल्या मुलीचे लग्न कसे होणार?' हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो खरा आहे. वाहक हा रुग्ण नसतो. त्याला औषध लागत नाही, आयुष्य कमी होत नाही. पण गावात बातमी पसरली की भार मुलीच्याच पदरी पडतो. म्हणून शाळेत नावे वाचून कार्डे वाटण्याची पद्धत चुकीची आहे. निकाल त्या व्यक्तीला आणि अल्पवयीन असल्यास पालकांना बंद दाराआड, समजावून सांगितला पाहिजे. समुपदेशकाविना तपासणी सुरू करण्यापेक्षा ती काही काळ थांबवणे बरे.

'गर्भनिदानाच्या नावाखाली लिंगनिदान होईल.' २०११च्या जनगणनेत शेजारच्या बीडमध्ये सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, तेव्हा ही भीती पोकळ म्हणता येत नाही. १९९४चा कायदा म्हणूनच नोंदणीकृत केंद्रांचा आग्रह धरतो. हाच कायदा हिमोग्लोबिनच्या आणि लिंगसंलग्न आजारांच्या गर्भनिदानाला स्पष्ट मुभाही देतो. मोजकी, देखरेखीखालची केंद्रे हा या दोन्ही उद्देशांना सांभाळणारा मार्ग आहे.

'रक्तक्षय आणि माता-बालमृत्यू असताना ही चैन परवडते का?' थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त आणि साचलेले लोह काढणारी औषधे लागतात, आणि दर फेरीला आई-बापांची मजुरी बुडते. निदान न होण्याची किंमत गरीब घर आजही मोजतेच आहे. शिवाय निदान म्हणजे गर्भपात नव्हे. सिकलसेलच्या बाळाचे निदान लवकर झाले, तर लसी, पेनिसिलिन आणि पुढे हायड्रॉक्सीयुरिया यांनी त्याचे आयुष्य सावरता येते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचा समावेश आहे, आणि त्याचे लाभ मिळवायलाही निश्चित निदानाचा कागद लागतो.

## ७. परभणीत काय उभे करावे लागेल

पहिले, पहिल्याच गरोदरपण तपासणीत सीबीसीचे आकडे पाहून संशयित स्त्रीचे आणि तिच्या नवऱ्याचे रक्त एचपीएलसीसाठी एकाच दिवशी घेणे. दुसरे, नमुन्यांची वाहतूक. ईडीटीएच्या नळीतले रक्त थंड ठेवून पाठवता येते आणि गाळणकागदावर वाळवलेला थेंब टपालानेही जातो. जनुकातला बदल शोधण्यासाठी जोडप्याने मजुरी बुडवून देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसने मुंबई गाठण्याची गरज नाही. गर्भाचा नमुना देण्यासाठी एकदा जावे लागेल, आणि त्या एका फेरीचा खर्च योजनेने उचलावा. तिसरे, मराठीत, दख्खनी उर्दूत आणि बंजारा बोलीत समजावू शकणारे समुपदेशक. चौथे, २०२३ मध्ये सुरू झालेल्या परभणीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुग्ण-कुटुंबांची गोपनीय नोंदवही, जी नऊही तालुक्यांतून भरली जाईल.

या सगळ्याची सुरुवात नमुन्यासोबत जाणाऱ्या एका पानाच्या अर्जाने करता येते. त्यात एमसीव्ही, ए२, शेवटचे रक्त भरल्याची तारीख, दोघांची मूळ गावे आणि समाज, नवरा-बायकोचे लग्नाआधीचे नाते, कुटुंबातील आजारी मुले आणि गरोदरपणाचा आठवडा एवढ्या नोंदी हव्यात. त्या आजच्या बाह्यरुग्ण विभागात, आजच्या परिचारिका आणि आशाताईंच्या मदतीने भरता येतील. काही वर्षांच्या अशा नोंदी हाताशी आल्या, की परभणीत स्वतःची पीसीआर प्रयोगशाळा हवी का, ती किती क्षमतेची हवी आणि तिथे कोणत्या बदलांचे प्रायमर ठेवायचे, हे जिल्ह्याला स्वतःच्या आकड्यांवरून ठरवता येईल.